हे पुस्तक घरी आहे का? सहाशे पुस्तकांचा मराठी संग्रह ॲपवर नोंदवताना

नाशिकमधलं एक घर. तीन कपाटं, एक माळा आणि साधारण सहाशे पुस्तकं. त्यांतली चारशेच्या वर मराठी, उरलेली इंग्रजी आणि थोडी हिंदी. शिवाय वर्षानुवर्षांचे दिवाळी अंक, सुतळीने बांधलेले. वाचणाऱ्या दोघी: निवृत्त शिक्षिका असलेली आई आणि बेंगळुरूत नोकरी करणारी मुलगी. हे घर नमुन्यादाखल घेतलेलं आहे आणि आकडे गोल आहेत. अडचणी मात्र मराठी संग्रह फोनवर आणू पाहणाऱ्या कुणालाही येतात त्याच.

या घराची गरज सोपी वाटते. आई पुस्तक प्रदर्शनात उभी असते, समोर निम्म्या किमतीत पुस्तक असतं, आणि ती मुलीला फोन लावते: "अगं, हे आपल्याकडे आहे का?" मुलीला आठवत नाही. पुस्तक घेतलं जातं आणि माळ्यावर त्याची जुनी प्रत निघते. दुसरीकडे, शेजारी वाचायला दिलेली पुस्तकं परत येत नाहीत, कारण कुणाला काय दिलं ते लिहिलेलंच नसतं. मुलीचं गुडरीड्स या वाचननोंदीच्या ॲपवर काही वर्षांचं खातं आहे, पण त्यात इंग्रजीच जास्त. आईने काय वाचलं याची नोंद कुठेच नाही.

दोन वेगळ्या याद्या

बहुतेक वाचन-ॲप एका गृहीतावर उभी आहेत: पुस्तक म्हणजे वाचायचं, वाचत असलेलं किंवा वाचून झालेलं. गुडरीड्सचे मूळ तीन कप्पे हेच, आणि एक पुस्तक एका वेळी त्यांतल्या एकाच कप्प्यात राहतं. घरच्या संग्रहाचा प्रश्न निराळा असतो. घरी असलेलं पण न वाचलेलं, वाचनालयातून आणून वाचलेलं, वाचून कुणाला कायमचं देऊन टाकलेलं, घरी आहे पण दोघींपैकी एकीनेच वाचलेलं, असे सगळे प्रकार इथे आहेत. मालकी आणि वाचन एकाच खुणेत कोंबलं की सहा महिन्यांत यादीवरचा विश्वास उडतो. प्रदर्शनात ॲप "वाचलं" असं दाखवतं, पण पुस्तक घरी आहे की नाही ते कळत नाही.

म्हणून या प्रकरणात निर्णय असा: घरच्या पुस्तकांची सूची लायब्ररीथिंग या ॲपवर आणि मुलीची रोजची वाचननोंद स्टोरीग्राफ या ॲपवर. लायब्ररीथिंग २००५ मध्ये सुरू झालं, तेव्हा फुकट खात्यावर दोनशे पुस्तकांची मर्यादा होती. २०२० मध्ये ते सर्वांसाठी मोफत झालं. त्यात "आपला संग्रह" आणि "वाचलेलं पण आपलं नसलेलं" असे दोन वेगळे गट तयारच मिळतात. वाचनालयाच्या पुस्तकांचा प्रश्न तिथेच सुटतो. आईची वाचननोंदही याच खात्यात ठेवली, कारण दोन ॲप शिकण्याची तिला गरज नाही.

लायब्ररीथिंग निवडण्याचं त्याहून मोठं कारण आहे. गुडरीड्स आणि स्टोरीग्राफमध्ये पुस्तकाची माहिती सगळ्या वापरकर्त्यांची सामाईक असते. शीर्षक चुकलेलं असेल, लेखकाच्या जागी अनुवादकाचं नाव असेल, तर ते दुरुस्त करायला ॲपने काही वापरकर्त्यांना दिलेला "ग्रंथपाला"चा अधिकार लागतो किंवा विनंती करून वाट पाहावी लागते. लायब्ररीथिंगमध्ये आपल्या प्रतीची नोंद आपली असते. शीर्षक देवनागरीत बदललं तर दुसऱ्या कुणाच्या नोंदीला धक्का लागत नाही. मराठी पुस्तकांची ऑनलाइन माहिती जितकी विस्कळीत आहे, ती पाहता हा एक गुण बाकी सगळ्यावर भारी पडतो. स्टोरीग्राफ दिसायला देखणं आहे, पाव ताऱ्यापर्यंत गुण देता येतात, आलेख छान काढतं. पण चारशे मराठी पुस्तकांच्या सूचीसाठी ते योग्य साधन नाही.

स्कॅनरचा पहिला तास आणि त्यानंतर

सुरुवात नेहमी स्कॅनरने होते आणि उत्साहही तिथेच असतो. पुस्तक उलटं करायचं, मागच्या बारकोडच्या पट्ट्यांवर कॅमेरा धरायचा, नोंद तयार. नव्या पुस्तकाला दहा-पंधरा सेकंद लागतात. सहाशेपैकी अडीचशे पुस्तकं अशी निघाली तर ते काम तासाभरात उरकतं. उरलेली साडेतीनशे हाताने भरायची. एकेकाला तीन मिनिटं धरली तरी साडेसतरा तास होतात. हा हिशेब आधीच केलेला बरा. एका बैठकीला वीस पुस्तकं ठेवली तर अठरा बैठका. एका रविवारी सगळं संपवायला बसलेल्या घरांत काम दुसऱ्या कपाटापाशी थांबतं आणि पुन्हा सुरू होत नाही.

स्कॅन न होण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि ती ओळखता आली की बराच वेळ वाचतो. चकचकीत वेष्टनावर दिव्याचं प्रतिबिंब पडत असेल तर पुस्तक थोडं तिरकं धरावं. पट्ट्या वाचल्या गेल्या पण काहीच सापडलं नाही, तर खालचा आकडा पाहावा. पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाला मिळणारा ओळखक्रमांक, ९७८ किंवा ९७९ ने सुरू होतो. भारतीय पुस्तकांत ९७८ नंतर बहुधा ८१ किंवा ९३ येतं. आकडा ८९० ने सुरू होत असेल तर तो भारतातल्या कंपन्यांच्या मालाला मिळणारा साधा बारकोड आहे. २ ने सुरू होत असेल तर तो दुकानाने आपल्या बिलासाठी चिकटवलेला असण्याची शक्यता मोठी. खरा आयएसबीएन अनेकदा त्याच चिकटपट्टीच्या खाली किंवा आतल्या मुद्रणपृष्ठावर असतो.

जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच. भारतात ही पद्धत १९८० च्या दशकात रुजू लागली आणि नंतरही छोट्या प्रकाशकांची कितीतरी पुस्तकं त्याविना निघाली. क्रमांक आपल्याकडे मोफत मिळतो, तरीही. मधल्या काळातल्या पुस्तकांवर दहा अंकी क्रमांक दिसतो, कारण तेरा अंकी पद्धत १ जानेवारी २००७ पासून लागू झाली. ॲपने दहा अंकी क्रमांक घेतला नाही तर तो तेरा अंकी करून टाकावा: शेवटचा अंक सोडायचा, आधी ९७८ लावायचं आणि नवा तपासणी अंक, म्हणजे आधीचे अंक बरोबर आहेत ना हे पडताळणारा शेवटचा अंक, काढायचा. त्यासाठी बारा अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करायची आणि ती पुढच्या दहाच्या पटीपर्यंत न्यायला किती कमी पडतात ते पाहायचं. उदाहरण म्हणून ८१०००००००एक्स हा क्रमांक घ्या. नवे बारा अंक ९७८८१०००००००. बेरीज ९ + २१ + ८ + २४ + १ = ६३. सत्तरला ७ कमी, म्हणून तेरावा अंक ७. दहा अंकी क्रमांकाच्या शेवटी "एक्स" येऊ शकतो, तो दहाच्या जागी असतो. छपाईची चूक समजून तो गाळला की शोध फसतो. आणि हे आकडे ॲपमध्ये इंग्रजी अंकांतच टाकावे लागतात. फोनचा कीबोर्ड मराठीवर असताना उमटलेले देवनागरी अंक बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, आणि चूक काय झाली तेही ॲप सांगत नाही.

आणखी एक धोका आहे, तो स्कॅन यशस्वी झाल्यावरचा. क्रमांक बरोबर वाचला जातो आणि समोर भलतंच पुस्तक येतं. कधी प्रकाशकाने एकच क्रमांक दोन पुस्तकांवर छापलेला असतो, कधी कुणीतरी ऑनलाइन नोंद चुकीची भरलेली असते. स्कॅननंतर शीर्षक डोळ्यांखालून घालायला दोन सेकंद लागतात, ते वाचवू नयेत.

साडेतीनशे पुस्तकं हाताने भरताना

काम खरं इथे आहे, आणि इथल्या नियमांवरच पुढे शोध चालतो की नाही ते ठरतं. नियम पहिल्या बैठकीआधी ठरवून कागदावर लिहावेत आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवावेत. आई एक पद्धत वापरते आणि मुलगी दुसरी, असं झालं की एकच लेखक यादीत तीनदा दिसतो.

ऑनलाइन नोंदींत मराठी शीर्षकं बऱ्याचदा रोमन लिपीत असतात. लायब्ररीथिंग जगभरच्या ग्रंथालयांच्या सूचींतून माहिती घेतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे, कारण तिचं कार्यालय नवी दिल्लीत कित्येक दशकं आहे. पण तिथल्या नोंदी अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबं देऊन रोमन लिपीत केलेल्या असतात. शोधायला देवनागरीत नाव टाकलं तर त्या सापडत नाहीत. साध्या इंग्रजी स्पेलिंगने शोधावं तर "व" ला व्ही की डब्ल्यू, "कुलकर्णी"च्या शेवटी आय की डबल ई, असे फाटे फुटतात. शोधायचा क्रम असा ठेवावा: आधी आयएसबीएन, मग देवनागरी शीर्षक, मग रोमन शीर्षकातला सगळ्यांत कमी फाटे फुटणारा एकच शब्द. तीनदा नाही सापडलं तर सरळ हाताने भरावं. चौथ्या प्रयत्नात जाणारा वेळ नोंदीला पुरतो.

शीर्षक मुखपृष्ठावरून घेऊ नये, आतल्या शीर्षकपृष्ठावरून घ्यावं. मुखपृष्ठावर मालिकेचं नाव, पुरस्काराचा उल्लेख, उपशीर्षक असं सगळं एकत्र असतं. जुन्या पुस्तकांत "कांहीं", "नाहीं" असे न उच्चारले जाणारे अनुस्वार दिसतात. राज्य शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या लेखननियमांनी ते गेले. आमचं मत असं की शीर्षक छापलंय तसंच ठेवावं, आणि टिपणाच्या रकान्यात आजच्या लेखनाने आणि रोमन लिपीत एकदा लिहावं. मुलगी इंग्रजी कीबोर्डवरून शोधते, आई देवनागरीतून. दोघींना पुस्तक सापडलं पाहिजे.

आता एक बारीक पण फार छळणारी गोष्ट. पडद्यावर सारखी दिसणारी मराठी अक्षरं संगणकाच्या लेखी वेगळी असू शकतात. "किनाऱ्यावर" हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: एक नुक्त्याच्या ऱ ने, दुसरा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला दोन्ही सारखेच, शोधात वेगळे. ॲ चंही तसंच: एक स्वतंत्र अक्षर आहे, जे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं, आणि दुसरं अ वर चंद्र देऊन केलेलं. पुस्तक यादीत डोळ्यांना दिसतंय पण शोधल्यावर "नाही" येतं, तेव्हा संशय आधी इथे घ्यावा. उपाय साधा आहे. दोघींनी एकच कीबोर्ड वापरावा, आणि अशा शब्दांसाठी शोधताना शब्दाचा सुरुवातीचा भाग, "किना" एवढाच, टाकावा.

लेखकाच्या नावांत आद्याक्षरांचा घोळ ठरलेला. "वि. वा. शिरवाडकर", "वि.वा. शिरवाडकर" आणि "वि वा शिरवाडकर" हे ॲपला तीन लेखक वाटतात. टिंब आणि मग एक जागा, हा एकच नियम. टोपणनावाचा प्रश्न त्याहून अवघड: शिरवाडकरांची कविता कुसुमाग्रज या नावाने आहे, नाटकं मूळ नावाने. पुस्तकावर जे छापलंय ते लेखकाच्या रकान्यात ठेवावं आणि दुसरं नाव खुणेच्या शब्दांत (टॅगमध्ये) टाकावं, म्हणजे कुठल्याही नावाने शोधलं तरी दोन्ही हाती लागतात. आडनावानुसार क्रम लावताना ॲप शेवटचा शब्द आडनाव धरतं, त्यामुळे "महाराज" शेवटी असलेले सगळे संत म मध्ये गोळा होतात आणि सुरुवातीचं "डॉ." काही ठिकाणी नावाचाच भाग होतं. उपाध्या गाळाव्यात. अनुवादित पुस्तकाला मूळ लेखक मुख्य, अनुवादक दुसऱ्या रकान्यात.

प्रकाशनवर्ष शके दिलेलं असेल तर ७८ मिळवावेत: शके १८८० म्हणजे इ. स. १९५८. महिना पौष, माघ किंवा फाल्गुन असेल तर जानेवारी ते मार्चच्या भागात ७९ होतात. वर्ष "पहिली आवृत्ती"चं न घेता हातातल्या प्रतीचं घ्यावं, कारण घरातल्या दोन प्रती ओळखायला तेच उपयोगी पडतं.

शेवटी जागा. प्रत्येक पुस्तकाला एक खूण द्यावी: "क१-३" म्हणजे पहिलं कपाट, वरून तिसरा खण. खुणेत पुस्तकाचा क्रमांक नको. खणातली पुस्तकं हलतात, खण हलत नाही. माळ्यावरच्या पेट्यांना "मा-१", "मा-२". दुबार खरेदी टाळायला यादीत नाव दिसणं पुरेसं असतं, पण घरी आल्यावर पुस्तक खरोखर हाती लागलं तरच आईचा यादीवर विश्वास बसतो.

गुडरीड्सची वर्षं बाहेर काढणं

मुलीची जुनी नोंद सोडून देण्याचं कारण नाही. गुडरीड्स आपली यादी फाइल म्हणून देतं, पण त्यासाठी संगणकावरून संकेतस्थळ उघडावं: "माय बुक्स", मग डाव्या बाजूला "इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट", मग "एक्स्पोर्ट लायब्ररी". थोड्या वेळाने सीएसव्ही फाइलचा, म्हणजे साध्या मजकुरात ठेवलेल्या तक्त्याचा, दुवा येतो. ती स्टोरीग्राफ आणि लायब्ररीथिंग दोन्हीकडे चढवता येते.

ती फाइल चढवण्याआधी एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडून बघण्याचा मोह आवरावा. तशी उघडली की देवनागरीच्या जागी अर्थहीन चिन्हांची रांग दिसू शकते, कारण फाइलमधली अक्षरं यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलेली आहेत हे एक्सेल ओळखत नाही. माहिती त्या क्षणी बिघडलेली नसते. बिघडते ती तशीच जतन केल्यावर. उघडायचीच असेल तर एक्सेलची कोरी वही (वर्कबुक) उघडून "डेटा" मेनूतून "फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही" घ्यावं, फाइलचा उगम "६५००१ युनिकोड यूटीएफ-८" निवडावा आणि आयएसबीएनच्या रकान्याचा प्रकार "टेक्स्ट" करावा. हा शेवटचा टप्पा गाळला की तेरा अंकी क्रमांक दशांश आणि ई लावलेल्या लघुरूपात दिसू लागतो, आणि त्या रूपात पुन्हा सीएसव्ही केली की मागचे अंक शून्य होऊन कायमचे जातात. इंग्रजी पुस्तकांच्या दहा अंकी क्रमांकातलं सुरुवातीचं शून्यही असंच गळतं. गुगल शीट्समध्ये मराठी नीट दिसतं, पण आयात करताना मजकुराचे आकडे आणि तारखा करण्याच्या पर्यायावरची खूण काढून टाकावी.

गुडरीड्सच्या फाइलमध्ये आयएसबीएनभोवती बरोबरचं चिन्ह आणि दुहेरी अवतरण असतं. ते एक्सेलसाठी केलेलं आहे. मोठी ॲप ते समजून घेतात, छोटी घेत नाहीत. छोट्या ॲपमध्ये सगळीच पुस्तकं "सापडलं नाही" म्हणून आली तर ही चिन्हं "फाइंड अँड रिप्लेस"ने काढावीत.

या फाइलमध्ये काय येत नाही तेही आधीच माहीत असलेलं बरं. पुस्तक तीनदा वाचलं असेल तर वाचल्याची एकच तारीख येते. ज्यांच्या पुनर्वाचनाच्या तारखा महत्त्वाच्या आहेत अशी पुस्तकं आधी पडद्यावरून उतरवून घ्यावीत. ती फार नसतात. चढवल्यानंतर ओळींची संख्या जुळवावी. जुळणी आयएसबीएनवर होते, त्यामुळे गळतात ती मुख्यतः मराठी पुस्तकं, आणि तीही नेमकी जुनी. गळालेली हाताने भरावीत. स्वतःहून जुळलेल्या मराठी पुस्तकांपैकी दहा उघडून पाहावीत, कारण एकाच शीर्षकाच्या दुसऱ्याच पुस्तकाशी जुळणी झाल्याचं असंच कळतं.

आईची पन्नास वर्षं आणि आजची तारीख

आईने घरातली निम्मी पुस्तकं केव्हाच वाचली आहेत. ती एका दुपारी बसून त्यांवर "वाचलं" अशी खूण करते, आणि अनेक ॲप त्या सगळ्यांना आजची तारीख लावतात. वर्षअखेरीचा आलेख मग या वर्षी तीनशे पुस्तकं वाचली असं दाखवतो आणि पुढचा कुठलाच आकडा कामाचा राहत नाही. खूण करण्याआधी एका पुस्तकावर तपासावं. तारीख आपोआप पडत असेल तर ती पुसून रिकामी ठेवावी. "कॉलेजात असताना" एवढंच आठवत असेल तर तेवढंच टिपणात लिहावं. अंदाजाची तारीख रकान्यात घातली की काही वर्षांनी ती खरी वाटू लागते.

रोजच्या प्रगतीची नोंद पानांत होते, आणि तिथे आवृत्ती चुकीची निवडली तर गणित हुकतं. ॲपमधली नोंद ३१२ पानांची आणि हातातलं पुस्तक २८० पानांचं असेल तर शेवटचं पान उलटल्यावरही ९० टक्केच दिसतात. पृष्ठसंख्या सुरू करतानाच दुरुस्त करावी किंवा आवृत्ती बदलावी. तेही करता येत नसेल तर पानांऐवजी टक्के भरावेत.

पोथीच्या पारायणाला ही सगळी यंत्रणा अपुरी पडते. दरवर्षी तेच वाचन, ठरलेल्या दिवसांत, अध्यायांच्या हिशेबाने. त्याला नवं पुस्तक म्हणून नोंदवू नये; एकाच नोंदीत सुरू-समाप्तीच्या तारखांची नवी जोडी घालत जावी. लायब्ररीथिंग आणि स्टोरीग्राफ दोन्हींत ते करता येतं.

वार्षिक लक्ष्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: पुस्तकांच्या संख्येचं लक्ष्य मराठी वाचकाचं नुकसान करतं. जाडजूड चरित्र आणि चाळीस पानांचा कवितासंग्रह त्यात सारखेच मोजले जातात, आणि डिसेंबरात हात आपोआप पातळ पुस्तकाकडे जातो. लक्ष्य ठेवायचंच असेल तर स्टोरीग्राफमध्ये पानांचं किंवा तासांचं ठेवता येतं. ऐकलेली पुस्तकं असतील तर तासांचं जास्त न्याय्य.

दिलेली पुस्तकं

याची रीत कुठल्याही ॲपमध्ये चालते. पुस्तक दिलं की त्याला "दिलंय" ही खूण, आणि खासगी टिपणात नाव आणि तारीख. नाव खुणेत घालू नये, कारण खातं सार्वजनिक असेल तर खुणा सगळ्यांना दिसतात आणि शेजारच्या काकूंचं नाव इंटरनेटवर जातं. खातं खासगी करणं त्याहून उत्तम. नोंद दारातच करावी, पुस्तक काकूंच्या हातात जाण्याआधी. संध्याकाळी करू म्हटलं की राहून जातं. महिन्यातून एकदा "दिलंय" ही खूण उघडून पाहिली की कुणाला आठवण करायची ते कळतं. परत आलं की खूण काढायची, टिपण ठेवायचं.

फाइल आपल्या हातात

ॲप बंद पडतात. शेल्फारी हे पुस्तकनोंदीचं लोकप्रिय संकेतस्थळ अमेझॉनने २००८ मध्ये घेतलं आणि २०१६ मध्ये बंद करून वाचकांना गुडरीड्सकडे वळवलं. गुडरीड्सही २०१३ पासून अमेझॉनचंच. डिसेंबर २०२० मध्ये त्याने बाहेरच्या ॲपना माहिती घेण्यासाठी नव्या चाव्या, म्हणजे परवानगीचे संकेतांक, देणं थांबवलं, आणि त्यावर चालणारी छोटी ॲप अडचणीत आली. हाताने भरलेल्या साडेतीनशे पुस्तकांना आणि त्यात गेलेल्या साडेसतरा तासांना हा धोका लागू नये म्हणून, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही ॲपमधून यादी बाहेर काढून फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख घालून ठेवायची. एक प्रत ड्राइव्हवर, एक आईच्या ईमेलवर.

फाइल नुसती ठेवून भागत नाही. सहा महिन्यांतून एकदा ती गुगल शीट्समध्ये उघडून चार गोष्टी पाहाव्यात: ओळींची संख्या ॲपमधल्या संख्येइतकी आहे का, देवनागरी नीट दिसतंय का, आयएसबीएन पूर्ण तेरा अंकी आहेत का, आणि खासगी टिपणं आली आहेत का. शेवटचं काही ॲपमध्ये येत नाही, आणि उसनं दिलेल्यांची सगळी माहिती तिथेच असते. येत नसेल तर ती तेवढीच एका वेगळ्या शीटमध्ये लिहावी.

दिवाळी अंक

हे काम अर्धवटच राहतं, आणि ते मान्य करूनच हाती घ्यावं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये "मनोरंजन" मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी वाचनाचा मोठा भाग या अंकांतून होत आला आहे, पण पुस्तकांच्या ॲपना त्याची जाणीव नाही. अंकाला आयएसबीएन नसतो, लेखक एक नसतो, आणि ऑनलाइन नोंद बहुधा नसतेच. हाताने भरताना शीर्षक "अंकाचं नाव, दिवाळी १९९८" असं एकाच साच्यात, लेखकाच्या जागी संपादक, आणि "दिवाळी अंक" ही खूण. वर्ष अंकावरचंच घ्यावं, विकत घेतल्याचं नाही. रद्दीतून आणलेल्या जुन्या अंकांत दोन्ही वेगळी असतात. वार्षिक मोजणीत अंक धरू नयेत, कारण तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत क्वचितच कुणी वाचतं.

अडचण आतल्या मजकुराची आहे. आईला अंक आठवत नाही, त्यातली कथा आठवते. सगळी अनुक्रमणिका टाइप करणं शक्य नाही. तेव्हा प्रत्येक अंकाच्या अनुक्रमणिकेचा सरळ वरून, दिवसाच्या उजेडात फोटो काढून त्याच साच्याचं नाव देऊन एका फोल्डरमध्ये ठेवायचा, आणि नोंदीच्या टिपणात फक्त आवडलेल्या दोन-तीन लेखांची आणि लेखकांची नावं लिहायची. गुगल फोटोजसारखी ॲप फोटोतला मजकूर शोधू शकतात, पण जुन्या अंकांच्या विटलेल्या कागदावर आणि नक्षीदार अक्षरांवर भरवसा ठेवू नये. शोधायचं असेल ते टाइप केलेलंच हवं. गठ्ठे सोडताना सुतळीच्या कडेची पानं तुटतात, म्हणून गाठ उलगडण्याऐवजी सुतळी कापावी, आणि परत बांधताना रुंद सुती पट्टी वापरून वर अंकांची वर्षं लिहिलेली चिठ्ठी लावावी.